सातबारा वाचतां येईल काय?

पेण व रोहे तालुक्यांतील शेतकऱ्यांस सातबाराच्या उताऱ्याची किंमत निराळी सांगावयास नको. पेण तालुक्यांत २००८ सालीं सेझसंबंधीं खातेदारांचा कौल घेण्यांत आला. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणांत जमिनी गेल्या. दोन्ही प्रसंगीं उताऱ्यावर नांव कोणाचें, हाच पहिला प्रश्न होता. २०१८ सालापासून हा उतारा डिजिटल सहीनिशीं घरबसल्या मिळूं लागला, व तालुक्याच्या गांवीं घालावे लागणारे खेटे वांचले. ही सोय मोठीच झाली. तथापि हा नवा उतारा पन्नास वर्षांनीं वाचतां येईल काय, अशी आम्हांस शंका आहे.

जुन्या दप्तरांतील पुष्कळ कागद मोडींत आहेत. ती लिपि आज थोड्यांसच येते. तरी कागद शाबूत असला म्हणजे जाणकार गांठून तो वाचवून घेतां येतो. संगणकांतील नोंदीचें तसें नाहीं. संगणक प्रत्येक अक्षराऐवजीं एक अंक ठेवतो, आणि कोणत्या अंकाचें कोणतें अक्षर हा तक्ता हरवला कीं नोंद असून नसल्यासारखी. देवनागरीसह जगांतील अनेक लिप्यांचा सामाईक तक्ता 'युनिकोड' या नांवानें १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु पुढेंहि कित्येक वर्षें फाँट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असे. त्या काळचें मराठी लिखाण आज तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडावें, तों पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गाळ दिसतो.

इंग्लंडांत १०८६ सालीं राजानें जमिनींची मोजदाद करून लिहविलेलें डूम्सडे बुक आजहि वाचतां येतें. त्याच्या नऊशेंव्या वर्षानिमित्त बी. बी. सी.नें १९८६ सालीं देशाची नवी माहिती लेसरच्या तबकड्यांवर सांठविली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ होऊन ती माहिती सोडविण्यासाठीं तज्ज्ञांस खटपट करावी लागली!

खारेपाटांतील वाचकांस हें लवकर पटेल. बांध एकदां घातला म्हणजे काम संपलें, असें तेथें कोणी मानीत नाहीं. निगा सुटली कीं उधाणाच्या भरतीस खांड पडते व खारें पाणी भातशेतींत शिरतें. संगणकांतील दप्तरहि कांहीं वर्षांनीं नव्या यंत्रावर उतरवून मूळ प्रतीशीं ताडावें लागतें. उतरवितांना चुका होतातच. हस्तलिखित सातबारा संगणकांत घेतांना राहिलेल्या चुका जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५५ अन्वयें दुरुस्त करून घ्याव्या लागल्या, हा अनुभव पुष्कळांच्या गांठीं आहे. जुना कागद जपलेला होता म्हणूनच चूक दाखवितां आली. तो नसता, तर संगणक म्हणेल तेंच खरें!

यासाठीं महसूल खात्यानें सातबारा व फेरफार कोणत्या रूपांत सांठविले जातात तें प्रसिद्ध करावें, व तें रूप कोणा एका कंपनीच्या यंत्रणेवर अवलंबून ठेवूं नये. दीर्घकाळ जपावयाच्या लेखांसाठीं २००५ सालीं ठरलेलें पीडीएफ-ए हें आंतरराष्ट्रीय रूप उपलब्ध आहे. हस्तलिखित दप्तर मात्र निरुपयोगी समजून रद्दींत जातां कामा नये. शेतकरी बंधूंनींहि मोबाइलमधील चित्रावर विसंबूं नये. प्रत्येक फेरफारानंतर उताऱ्याची छापील प्रत काढून, फेरफाराचा क्रमांक लिहून पेटींत ठेवावी. घरांत मोडी कागद असल्यास जाणकार मिळतो आहे तोंच त्यांची देवनागरी नक्कल करवून मुळाशीं जोडावी.