बटण दाबण्याआधीची धडधड

"खेळच तर आहे, त्यात घाबरायचं काय?" असं म्हणणाऱ्यांनी एकदा इंटरनेटवर गुणांसाठीचा बुद्धिबळाचा डाव खेळून पाहावा. समोरचा कुठल्या देशातला, पंधरा वर्षांचा की पंच्याहत्तरचा, काही कळत नाही. कळतो फक्त एक आकडा. त्याच्या नावापुढे त्याचा, आपल्या नावापुढे आपला. बटण दाबलं की घड्याळ सुरू! त्या आधीची दोन मिनिटं मी चांगली ओळखते. हात गार पडतात, छातीत धडधडतं, आणि एकदम वाटतं की गॅसवर दूध ठेवलंय का ते जरा बघून यावं. (दूध कधीच ठेवलेलं नसतं.)

ही काही म्हातारपणाची खोड नव्हे बरं का. माझा भाचा इंजिनियर. तो 'स्टारक्राफ्ट २' नावाचा लढाईचा डावपेची खेळ खेळायचा. 2010 साली तो खेळ आला. त्यात खेळाडूंची कांस्यपदकापासून ग्रँडमास्टरपर्यंत उतरंड असते. खेळात पटाईत असलेली धडधाकट मुलं 'खेळा' या बटणावर बोट ठेवून बसून राहत, आणि शेवटी दुसऱ्यांच्या लढतींचे व्हिडिओ बघत. या प्रकाराला त्यांच्यात नावच पडलं होतं, 'लॅडर अँग्झायटी'. शिडीची धास्ती म्हणू या. 2013 सालच्या पुढच्या भागात कंपनीने बिनगुणांच्या लढतींची सोय केली.

म्हणजे भीती हरण्याची नाही. नातवाशी घरच्या पटावर दहा वेळा हरले तरी मला काही होत नाही. भीती त्या आकड्याची आहे. मग तो आकडा म्हणजे काय, ते तरी नीट समजून घ्यायला नको का?

बुद्धिबळाच्या गुणांची पद्धत आर्पाद एलो या अमेरिकेतल्या प्राध्यापकांची. मूळचे हंगेरीचे, विषय भौतिकशास्त्र. जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970 साली ती स्वीकारली. गुणांमधल्या फरकावरून कोण किती वेळा जिंकेल याचा अंदाज बांधायचा, आणि निकाल लागला की अंदाज दुरुस्त करायचा, एवढाच तो हिशेब. दोनशे गुणांनी वर असलेल्याला शंभरातले पंचाहत्तरेक गुण मिळावेत, सारख्या गुणांच्या दोघांना निम्मे निम्मे. स्वतः एलोंनी या मोजमापाची गंमत सांगितली होती. पाण्यावर डुचमळणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीनं मोजावी, तसं हे मोजणं!

आणि संगणक आपल्याला जोडीदार देतो तो आपल्याच बरोबरीचा. म्हणजे साधारण निम्मे डाव आपण हरणारच. खेळ सुधारला की समोरचेही सुधारलेले येतात आणि पुन्हा निम्मे हरतो. इथेच आपली शाळा आडवी येते. शंभरात पन्नास म्हणजे आमच्या वेळी 'काठावर पास', घरी प्रगतिपुस्तक दाखवताना मान खाली. या खेळात मात्र शंभरात पन्नास म्हणजे तुम्हाला योग्य बाकावर बसवलंय एवढाच अर्थ. प्रगतिपुस्तकाच्या सवयीनं तो आकडा वाचला की धडधड होणार नाही तर काय!

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ आहेत, निवृत्त बँक अधिकारी. 'लिचेस' या साइटवर त्यांनी पंधराशेचा टप्पा ओलांडला आणि त्या दिवसापासून खेळणं बंद! फक्त कोडी सोडवतात. ठेव मोडायची नाही, असा जुना बाणा. पण गंमत अशी की ही साइट 'ग्लिको' नावाची पद्धत वापरते, मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञांची. तीत गुणांबरोबर त्या गुणांचा भरवसा किती, तेही मोजतात. बरेच दिवस खेळला नाहीत तर भरवसा कमी होत जातो आणि शेवटी आकड्यापुढे प्रश्नचिन्ह लागतं. या ठेवीवर व्याज नाही, उलट पासबुकावरच शंका!

आता धडधडीचं काय करायचं? दीर्घ श्वास घ्या, शांत व्हा, असं सगळेच सांगतात. मला ते फारसं पटत नाही. घाबरलेल्या मुलाला 'घाबरू नकोस' म्हटलं की ते जास्त घाबरतं, हे वर्गात किती वेळा पाहिलंय. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी गाणं, भाषण आणि गणितं करायला लावून काही प्रयोग केले, ते 2014 साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी आधी 'मला हुरूप आलाय' असं स्वतःला सांगितलं, त्यांचं काम 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. धडधड तीच, नाव बदललं. मला हे पटतं, कारण धडधड नसलेला डाव मी बहुधा झोपेतच खेळते.

दुसरी गोष्ट माझ्या नोकरीतली. तोंडी परीक्षेला पहिला प्रश्न मी नेहमी असा विचारत असे की त्याचं उत्तर अगदी मागच्या बाकावरच्यालाही यावं. एकदा तोंड उघडलं की पुढचं येतं. बुद्धिबळातही पहिल्या पाच चाली ठरवूनच ठेवाव्यात. माझं राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट, मग राजा किल्ल्यात. तेवढ्यात हाताला ऊब येते. डावही पंधरा मिनिटांचा आणि दर चालीला दहा सेकंद वाढवून मिळणारा घ्यावा. तीन मिनिटांचे डाव तरुणांना लखलाभ. आणि किती डाव ते आधीच ठरवावं. माझे रोज चार वाजता दोन. हरले म्हणून तिसरा नाही, जिंकले म्हणून एकावर थांबणं नाही.

सत्तरी ओलांडलेल्यांची आणखी एक धास्ती असते, ती कोणी उघड बोलत नाही. शेजारणीचं नाव पटकन आठवत नाही, चष्मा सापडत नाही, आणि त्यात आठवड्यात चाळीस गुण गेले की मनात येतं, झालं, सुरुवात झाली. मला वाटतं आठवड्याच्या चाळीस गुणांवरून डोक्याची परीक्षा करणं म्हणजे जिना चढून आल्या आल्या रक्तदाब मोजणं. रात्रीची झोप, माऊसवरून घसरलेलं बोट, सगळं त्यात येतं. वर्षानुवर्षांचा उतार असेल, तर तो मात्र खरा असू शकतो. विश्वनाथन आनंदचे 2011 साली 2817 गुण होते, पन्नाशीनंतर ते तेवढे राहिले नाहीत. तरी नातवंडं शोभतील अशा पोरांसमोर तो पटावर बसला. मग आपण कोण टिकोजीराव?

'लिचेस'वर आकडे झाकून खेळायचीही सोय आहे. सुरुवातीचे काही आठवडे जरूर वापरावी. त्या गृहस्थांना मी ते सांगितलं, तर म्हणाले, "झाकले तरी आत कमी होणारच ना?" बँकेतला माणूस! रविवारी त्यांना चहाला बोलावलंय. लॅपटॉप घेऊन या म्हटलंय.