बंदोबस्ताला कोटी, उपचाराला काय?

हैदराबादहून पुण्याकडे जाणारा महामार्ग सोलापूरवरूनच जातो. आंध्र-ओडिशाच्या डोंगरपट्ट्यातला गांजा याच वाटेने महाराष्ट्रात उतरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर मोहोळ तालुक्यातील चिंचोळी औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा कारखानाच मुंबई गुन्हे शाखेने उघडकीस आणला.

या बाजाराविरुद्ध सरकारने आता तिजोरी उघडली आहे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अमली पदार्थविरोधी टास्क फोर्ससाठी ३४६ पदे आणि २२ कोटींहून अधिक खर्च मंजूर केला. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांचे गुन्हे मोक्काच्या कक्षेत आणणारे विधेयक विधानसभेने मंजूर केले.

नशेचा व्यापार मोडलाच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. संविधानाचे ४७ वे कलम ती जबाबदारी राज्यावर टाकते आणि पाचवे शील आम्ही घेतलेलेच आहे. प्रश्न एवढाच आहे, की हा फास कोणाच्या गळ्यात पडणार?

१९८५ चा कायदा आधीच कडक आहे. २० किलोच्या वर गांजा सापडला, तर किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे आणि कलम ३७ मुळे जामीनही जवळजवळ अशक्य आहे. पण गाडी पकडली जाते तेव्हा हाती कोण लागतो? चालक आणि शेजारी बसलेला पोरगा! मालाचा मालक आणि त्याचा पैसा दोषारोपपत्राच्या बाहेरच राहतो, हे आम्ही कोर्टात वारंवार पाहतो.

२०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपास अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून नाकारला. मोक्कात मात्र पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य आहे. शिवाय आधीची दोषारोपपत्रे टोळीवर असली तरी पुरतात, प्रत्येक आरोपीवर असावी लागत नाहीत. म्हणजे पहिल्यांदाच पोते उचलणारा हमालही टोळीच्या हिशेबात जमा! एक दार न्यायालयाने बंद केले, दुसरे विधिमंडळ उघडत आहे.

१९८५ च्या कायद्याला दुसरी बाजूही आहे. कलम ६४-अ प्रमाणे अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेईल, तर त्याच्यावरचा खटला टळतो. कलम ७१ प्रमाणे सरकार व्यसनमुक्ती केंद्रे उघडू शकते. पण 'शकते' या शब्दाला ना पदे, ना कोटी. गिरण्या बंद पडल्या, आई दिवसभर विड्या वळते, पोराच्या हाताला काम नाही. अशा घराने रुग्णालय शोधायचे कुठे? कलम आहे, पण दवाखाना नाही, तर गरिबाला त्या कलमाचा उपयोग काय?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. टास्क फोर्सवर जेवढा खर्च, तेवढाच जिल्हा रुग्णालयातील व्यसनमुक्ती विभागावर करा. कलम ५० ची झडती आणि कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यासमोर नमुने घेणे काटेकोर पाळा. प्रकरण ५-अ खालील मालमत्ता जप्ती मोठ्या मालकांवर चालवा.

समाजबांधवांनीही व्यसनात सापडलेले पोरगे लपवू नये, त्याला उपचाराला न्यावे. आणि मत मागायला येणाऱ्या आमदाराला विचारावे: तुरुंगासाठी कोटी दिलेत, आमच्या पोराच्या खाटेसाठी किती दिलेत?