भीती अ‍ॅनाकोंडाची, दंश घोणसचा

उसाच्या फडात किंवा विहिरीच्या कपारीत जाडजूड साप दिसला, की 'अजगर निघाला' एवढ्यावर आता चर्चा थांबत नाही. १९९७ मध्ये पडद्यावर आलेल्या 'अ‍ॅनाकोंडा' या हॉलिवूडपटाने हा शब्द मराठी बोलण्यात असा रुळवला, की कोणताही मोठा साप पाहिला तरी तोच ओठांवर येतो. प्रत्यक्षात अ‍ॅनाकोंडा भारताच्या जंगलात कोठेही आढळत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्याचा जीव घेणारा साप जेमतेम मीटर-दीड मीटर लांबीचा असतो. अनेकदा तो अजगराचे पिल्लू समजून हाताळला जातो आणि तेथेच घात होतो. भीती एका सापाची आणि धोका दुसऱ्याच सापाचा, ही विसंगती केवळ गमतीची नाही, तिची किंमत माणसे मोजत आहेत.

नाव आपल्याकडचे, साप अ‍ॅमेझॉनचा

अ‍ॅनाकोंडा हे नाव मुळात दक्षिण अमेरिकेतील नव्हे. सतराव्या शतकात युरोपीय अभ्यासकांनी ते श्रीलंकेतील एका मोठ्या सापासाठी नोंदविले. मूळ शब्द सिंहली की तमिळ, यावर मतभेद आहेत. पुढे हेच नाव अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतील अजस्र सापाला चिकटले. म्हणजे नाव गेले आपल्या शेजारच्या बेटावरून आणि परत आले चित्रपटातून.

हिरवा अ‍ॅनाकोंडा हा वजनाने जगातील सर्वांत भारी साप मानला जातो. त्याचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूस असतात, त्यामुळे संथ पाण्यात शरीर बुडवून तो तासन् तास सावजाची वाट पाहू शकतो. मादी नरापेक्षा कितीतरी मोठी असते. पाच-सहा मीटरच्या पुढील लांबीचे बहुतेक दावे विश्वासार्ह पुराव्यावर टिकलेले नाहीत. या सापाला विष नसते. तो सावजाला वेटोळ्यांत आवळतो. या पकडीत श्वास कोंडून सावज मरते, असा समज दीर्घकाळ होता. परंतु वेटोळे घालून मारणाऱ्या सापांवरील अलीकडच्या प्रयोगांत रक्ताभिसरणच काही क्षणांत कोलमडत असल्याचे दिसून आले. २०२४ मध्ये संशोधकांच्या एका गटाने हिरव्या अ‍ॅनाकोंडाच्या दोन स्वतंत्र जाती असल्याचे मांडले, त्यावर अजून वाद सुरू आहे.

अजगर समजून

आपल्याकडील मोठा साप म्हणजे अजगर. तोही बिनविषारी, तोही आवळून मारणारा. मात्र अ‍ॅनाकोंडा थेट पिल्लांना जन्म देतो, तर अजगराची मादी अंडी घालून त्यांना वेटोळे घालून बसते आणि स्नायूंच्या थरथरीने ऊब देते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अजगराला स्थान आहे.

घोटाळा होतो तो अजगराच्या पिल्लात आणि घोणसमध्ये. दोघांचे अंग जाड, दोघांच्या पाठीवर तपकिरी ठिपके. फरक ओळखणे मात्र अशक्य नाही. घोणसच्या पाठीवर गडद, कडेने काळ्या असलेल्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन सरळ ओळी साखळीसारख्या दिसतात, अजगराच्या अंगावरील डाग ओबडधोबड असतात. घोणसचे डोके त्रिकोणी असते आणि डिवचल्यास ती प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. त्यातच डुरक्या घोणस नावाचा एक बिनविषारी सापही आहे, त्यामुळे नावातूनही गोंधळ वाढतो. घोणसही अ‍ॅनाकोंडाप्रमाणे पिल्लांनाच जन्म देते आणि ही पिल्ले पहिल्या दिवसापासून विषारी असतात. म्हणूनच 'लहान आहे, काय करणार' हा तर्क येथे जिवावर बेततो.

पाणी आले, ऊस आला, साप आले

नारायणगाव मीना नदीच्या काठी, पुणे-नाशिक महामार्गावर वसलेले आहे. वडज, माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या पट्ट्याचे चित्र पालटले. ऊस, द्राक्षे, टोमॅटो आणि भाजीपाल्याने शिवार बारमाही हिरवे झाले. उभे पीक आणि साठवलेले धान्य म्हणजे उंदरांना आमंत्रण, आणि उंदीर तेथे साप. बिबट्याने उसाला जंगल मानले, हे साऱ्या राज्याला ठाऊक आहे. सापांच्या बाबतीतही तेच घडले, पण त्याची चर्चा झाली नाही. बिबट्याच्या हल्ल्याची बातमी होते, सर्पदंशाची नोंदही होतेच असे नाही.

शेतीपंपांना पाळीपाळीने मिळणारी वीज हा यातील दुसरा दुवा आहे. पाळी रात्रीची आली, की शेतकरी अंधारात, बहुधा साध्या चपलेवर, पाणी भरायला जातो. घोणस प्रामुख्याने रात्री बाहेर पडते, पालापाचोळ्यात निश्चल पडून राहते आणि पाय जवळ येताच डंख मारते. मण्यारचा धोका तर घरातच असतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दंशाच्या जागी वेदना वा सूज जवळजवळ नसते, आणि पोटदुखी व जड झालेल्या पापण्यांवरून विषबाधा लक्षात येईपर्यंत श्वास बंद पडण्याची वेळ येते. रात्रीच्या विजेचा प्रश्न म्हणूनच केवळ ऊर्जा खात्याचा नाही, तो आरोग्याचाही आहे.

नारायणगावचा धडा

सर्पदंशाच्या उपचारासाठी नारायणगावचे नाव आज राज्याबाहेरही घेतले जाते. येथील डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत या दाम्पत्याने गेली अनेक वर्षे सर्पदंशाच्या हजारो रुग्णांवर उपचार केले आणि सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये यासाठी गावोगावी प्रबोधनाची मोहीम चालविली. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जे करून दाखविले, त्याच जातकुळीचे हे काम आहे.

यातील वैद्यक अवघड असले तरी अगम्य नाही. रक्त साध्या काचेच्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवायचे. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडली आहे, असे समजायचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालणारे प्रतिविष शिरेतून द्यायचे, सुरुवातीला साधारण आठ ते दहा कुप्या. अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आल्यास ती आवरायची तयारी ठेवायची आणि श्वास मंदावल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करायचा. रुग्णाच्या घरच्यांनी करण्यासारखे त्याहून सोपे आहे : दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, विष चोखायचे नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यायचे.

एक प्रतिविष, अनेक विषे

तरीही एक मूलभूत अडचण उरते. भारतातील प्रतिविषासाठी लागणारे विष दीर्घकाळ मुख्यतः तमिळनाडूतील इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष मात्र प्रदेशाप्रमाणे बदलते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत काही भागांतील सापांच्या विषावर बाजारातील प्रतिविष अपुरे पडत असल्याचे दाखविले आहे. प्रतिविष देऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. आज तोच एकमेव इलाज आहे. पण निरनिराळ्या प्रदेशांतील विष गोळा करून प्रतिविष सुधारण्याची निकड त्यातून स्पष्ट होते.

नोंद झाली तरच प्रश्न दिसेल

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाने मांडला. सरकारी रुग्णालयांच्या नोंदींत यांतील थोडेच मृत्यू दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना केली.

आराखडा कागदावर उत्तम आहे. कसोटी आहे ती बांधापासून पहिल्या कुपीपर्यंतच्या अंतराची. नारायणगावसारख्या महामार्गावरच्या गावात ते अंतर तज्ज्ञ डॉक्टरांमुळे कमी झाले. आदिवासी पट्ट्यातील डोंगरवाडीतून निघालेल्या रुग्णासाठी ते आजही तासांत मोजावे लागते. एका दाम्पत्याची निष्ठा हे उदाहरण ठरते, व्यवस्था नव्हे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या पुरेशा कुप्या, त्या देण्याचे धाडस असलेला प्रशिक्षित डॉक्टर आणि पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज, एवढे झाले तर अनेक घरे वाचतील. अ‍ॅमेझॉनचा अ‍ॅनाकोंडा पडद्यावरच राहणार आहे. बांधावरच्या घोणसकडे मात्र शासनाला आज ना उद्या पाहावेच लागेल.