पडद्यावरील हेर आणि निनावी शौर्य

हेरपटांच्या मालिकेतील नवा भाग प्रदर्शित झाला की बोरीवलीच्या चित्रपटगृहांबाहेर आणि विरारच्या लोकलमध्ये वादाचा फड रंगतो. ५ डिसेंबर २०२५ रोजी 'धुरंधर' आला, तेव्हाही हेच घडले. रणवीर सिंह सरस की अक्षय खन्ना? हिंसा वास्तवाला धरून आहे की अतिरेकी? नायक आणि नायिका यांच्या वयातील अंतर खटकते का? यापूर्वी 'टायगर', 'वॉर' आणि 'पठाण' यांच्या चाहत्यांनीही असेच तट पाडले होते. हा रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. परंतु ते योग्य ठरणार नाही. देशासाठी परमुलखात वावरणारा माणूस समाजाला कसा दिसतो, याचेच प्रतिबिंब या वादांत पडत असते.

पहिला वाद पात्रयोजनेचा. जेम्स बाँडच्या भूमिकेसाठी २००५ मध्ये डॅनियल क्रेग यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या केसांच्या रंगावरूनही चाहत्यांनी गदारोळ केला. पुढच्याच वर्षी 'कॅसिनो रोयाल'ने तो शमवला. आपल्याकडे तर नट हाच चित्रपट. मात्र ज्याचा चेहरा गर्दीत कोणाच्याही लक्षात राहू नये, त्याची भूमिका देशातील सर्वांत ओळखीच्या चेहऱ्याने करावी, यातील विसंगती कोणाला जाणवत नाही. राजस्थानातील श्रीगंगानगरचा रवींद्र कौशिक हा नाटकवेडा तरुण. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार त्याच्या अभिनयगुणांमुळेच गुप्तचर खात्याची नजर त्याच्यावर पडली. नाव, भाषा, धर्म, सारे बदलून तो पाकिस्तानात राहिला, १९८३ मध्ये पकडला गेला आणि २००१ मध्ये तेथील तुरुंगात क्षयाने खंगून गेला. २०१२ साली 'एक था टायगर' आला, तेव्हा ही कथा त्याच्याच जीवनावर बेतलेली असल्याचे सांगत कुटुंबीयांनी मागणी केली ती केवळ नामोल्लेखाची. चाहते मात्र त्या वेळी सलमान खानच्या वयाची चर्चा करीत होते.

दुसरा वाद नातेसंबंधांचा. भारतीय हेर आणि आयएसआयची हस्तक यांची प्रीती हा या मालिकांचा आवडता धागा. 'टायगर'ला झोया भेटते, 'पठाण'ला रुबिना. दोन माणसांत प्रेम होऊ शकते, याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती दोन राष्ट्रांमधील वैराला प्रेमिकांच्या रुसव्याफुगव्याचे रूप देण्याविषयी. 'टायगर जिंदा है' २२ डिसेंबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. त्यात दोन्ही देशांचे हेर खांद्याला खांदा लावून इराकमधील परिचारिकांची सुटका करतात. प्रत्यक्षात २०१४ मध्ये तिक्रीतहून ४६ भारतीय परिचारिका सुखरूप परतल्या, त्या भारताच्या शांत मुत्सद्देगिरीमुळे. चित्रपटगृहांत या ऐक्याला टाळ्या पडत असतानाच, अवघ्या तीन दिवसांनी, २५ डिसेंबरला इस्लामाबादेत काय घडले? निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांच्यावर पाकिस्तानने हेरगिरीचा आळ घेऊन त्यांना फाशी सुनावली होती. भारताने हा आरोप ठामपणे फेटाळला आहे. त्यांची आई आणि पत्नी मुंबईहून भेटीला गेल्या, तेव्हा मध्ये काचेची भिंत होती. भेटीपूर्वी मंगळसूत्र, बांगड्या आणि टिकली काढायला लावण्यात आली. आईला मुलाशी मराठीत बोलू दिले गेले नाही. कोणत्या पटकथेत हा प्रसंग आला? कोणत्या चाहत्याने त्याची मागणी केली?

तिसरा वाद सुराचा. काहींना राष्ट्रभक्ती भडक वाटते, काहींना संयम मिळमिळीत. परंतु आरडाओरड म्हणजे देशभक्ती नव्हे आणि थंडपणा म्हणजे वास्तवही नव्हे. बोरीवलीकरांना तरी हे सांगण्याची गरज नसावी. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट झाले, त्यांतील एक बोरीवलीत. पावणेदोनशेहून अधिक प्रवासी घरी पोहोचले नाहीत. २०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने या खटल्यातील बाराही जणांची शिक्षा रद्द केली. दोषी कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. वेळेवर न मिळालेल्या माहितीची किंमत या शहराने मोजली आहे. जी मिळाली आणि ज्यामुळे अनर्थ टळला, तिची गणती मात्र कोठेच होत नाही. हेराचे अपयश सर्वांना दिसते. त्याचे यश म्हणजे काहीच न घडलेला एक साधा दिवस.

छत्रपती शिवरायांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांच्याविषयी समकालीन नोंदी अगदी तुटपुंज्या आहेत. ते त्यांचे दुर्दैव नव्हे, ती त्यांच्या कौशल्याची पावतीच होय. म्हणून चाहत्यांनी वाद जरूर घालावेत; सुजाण प्रेक्षकच चित्रपट सुधारतो. फक्त नटाची उंची, गाण्यांचा ठेका आणि गल्ल्याचे आकडे यांसोबत आणखी एक मोजपट्टी हाती घ्यावी. या चित्रपटाने हेराच्या पराक्रमाची किंमत दाखवली का? त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले घर दाखवले का? ज्यांना टाळ्या कधीच मिळणार नाहीत, त्यांची आठवण तिकिटाच्या पैशांत मिळत नसते. ती समाजाला जाणीवपूर्वक जागती ठेवावी लागते.