पुरळ हा बगच आहे!

शुक्रवारी रात्री हुतात्मानं सोलापूरला घरी पोचलो. दार धाकट्या बहिणीनं उघडलं आणि मी चरकलोच. गालांवर, कपाळावर लालभडक पुरळ, पापण्या सुजलेल्या. तीन आठवड्यांवर लग्न आलंय हिचं! कारण काय, तर कुंकुमादी तेल. चेहऱ्यावर तेज यावं म्हणून आत्यानं सुचवलं आणि आईनं पेठेतल्या एका दुकानातून आणलं.

बरं, पुरळ उठल्यावर तरी थांबायचं ना? नाही. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणे, "चांगलं लक्षण आहे. आतली उष्णता बाहेर पडतेय. सोडू नका." सोलापूरकराला उष्णता म्हटलं की लगेच पटतं. झालं, आणखी चार दिवस तेल चोळलं.

मंडळी, माझं भांडण आयुर्वेदाशी नाही, या वाक्याशी आहे. आमच्या हापिसात टेस्टरनं चूक दाखवली की एखादा निगरगट्ट डेव्हलपर म्हणतो, "हा बग नाही, फीचर आहे." (मीही म्हटलंय. :-) ) पण तिथं कुणाचं तोंड सुजत नाही. इथं चेहरा उजळला तर तेलाचा गुण, आणि पुरळ उठलं तर तोही तेलाचाच गुण! जी टेस्ट कधी फेलच होऊ शकत नाही, ती टेस्ट कसली?

आईचा मुद्दा वेगळा. "पहिले दहा दिवस काही झालं नाही, मग तेलाचा दोष कसा?" शनिवारी स्किनच्या डॉक्टरांनी ते समजावलं. ॲलर्जी अशीच येते. आधी शरीर त्या पदार्थाची ओळख करून घेतं, त्यात दहा-पंधरा दिवस जातात. एकदा ओळख पटली की मग दर वेळी लावल्यावर एक-दोन दिवसांत खाज, सूज. आणि ही ओळख शरीर वर्षानुवर्षं विसरत नाही. म्हणजे "सोडू नका" हा सल्ला नुसता चुकीचा नाही, घातक आहे.

आजी मात्र पुरळ पाहून पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "बिब्बा उतल्यासारखं दिसतंय." लाख बोलली! बिब्बा शंभर टक्के नैसर्गिक, आपल्याच मातीतला. तरी उतला की कातडी सोलवटून काढतो. म्हणूनच वैद्य तो विटेच्या पुडीत घोळून शुद्ध केल्याशिवाय औषधात घालत नाहीत. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे आयुर्वेदानं कधीच म्हटलेलं नाही. ते म्हणतं बाटलीवरचं लेबल.

कुंकुमादीचा पाठ अष्टांगहृदयात आहे. केशर, रक्तचंदन, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, लाख, तिळाचं तेल, शेळीचं दूध असा मोठा ऐवज. आता गंमत बघा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याला मान्य ग्रंथांची यादी जोडलेली आहे, त्यात अष्टांगहृदय आहे. २०१० च्या १५८-ब नियमानुसार अशा ग्रंथातल्या पाठाबरहुकूम, त्याच उपयोगासाठी औषध बनवलं तर परवान्याला वेगळा सुरक्षितता अभ्यास लागत नाही. ग्रंथ जुना आहे, एवढ्यावर पास! उलट युरोपनं २००३ मध्ये ॲलर्जी आणणाऱ्या २६ सुगंधी द्रव्यांची नावं लेबलवर लिहायला लावली, २०२३ मध्ये ती यादी ८० च्या वर नेली. सुगंध फुलातून आला की कारखान्यातून, तिथं फरक करत नाहीत. कारण कातडीही करत नाही.

तेव्हा लावायचंच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं, रोज दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा. तिथं उठलं तर तोंडाला लावू नका. तोंडावर उठलं तर ताबडतोब बंद, आणि बाटली घेऊन डॉक्टरकडे. आयुष मंत्रालयाचं 'आयुष सुरक्षा' पोर्टल २०२५ मध्ये सुरू झालंय, तिथं तक्रारही नोंदवा. बग रिपोर्टच झाला नाही तर दुरुस्त कोण करणार?

आई बाटली फेकायला निघाली होती, मी ठेवून घेतली. बहिणीचा चेहरा शांत झाला की डॉक्टर पाठीवर पट्ट्या लावून नेमकं काय बाधलं ते शोधणार आहेत.

असो. उद्या पहाटे परत हुतात्मा. दुकान उघडायच्या आत निघावं लागतंय, हे त्या दुकानदाराचं नशीब!