नागपूरची संध्याकाळ आठला होते!

मे महिना आला की आपल्या ऑफिसात एकच महायुद्ध सुरू होतं. एसी २२ वर ठेवायचा की २४ वर? आणि घरी यावं तर धाकटी बहीण कूलरसमोर उशी घेऊन आडवी पडलेली. आपल्याला वाटतं, काय मज्जा आहे हिची! बॉस नाही, टार्गेट नाही, ईएमआय नाही. नुसती सुट्टी!

पण मैत्रिणींनो (आणि मित्रांनो, तुम्हीही वाचा, तुमचं काम पुढे आहे), एकदा तिच्या या सुट्टीचा हिशेब मांडून बघा.

मुळात सुट्टी लागली का, इथूनच सुरुवात. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षेला ‘उन्हाळी परीक्षा’ म्हणतात आणि ती नावाला अगदी जागते. कुणाचे पेपर मेमध्ये संपतात, तर कुणाचे जून उजाडला तरी सुरूच. समजा, संपले एकदाचे पेपर. मग दिवस कसा जातो? मेअखेरीस नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातनंतर मावळतो. दहा वाजले की चटका सुरू, दोन ते साडेचार म्हणजे नुसत्या झळा. बरं, सूर्य मावळला म्हणजे सुटलो असंही नाही. दिवसभर तापलेल्या भिंती आणि डांबरी रस्ते साठवलेली उष्णता बाहेर टाकत राहतात. जरा बरं वाटेल अशी हवा सुटायला साडेसात-आठ होतातच.

आणि आपलं ऊन म्हणजे काही गंमत नाही हं. मे २०१३ मध्ये या शहराने ४७.९ अंश बघितलेत. मे २०२४ मध्ये तर एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले आणि देशभर आपली बातमी झाली! नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडलं होतं. पण खरं सांगा, त्या दिवशी गाडीच्या सीटवर बसलेल्या कुठल्या नागपूरकराला ५६ आकडा खोटा वाटला असेल?

म्हणजे बाहेर पडण्यालायक उरतात दोन स्लॉट. पहाटे साडेपाच ते नऊ आणि रात्री साडेसात ते दहा. दादाला दोन्ही स्लॉट मोकळे. ताईला? तिच्यासाठी घरोघरी तोच नियम, सातच्या आत घरात! २००४ साली याच नावाचा मराठी सिनेमाही आला होता, इतका हा नियम आपल्या ओळखीचा. हिवाळ्यात तो फारसा टोचत नाही. चारला कोवळ्या उन्हात बाहेर पडा, फुटाळ्यावर जा, बर्डीवर फिरा, सातला घरी. तीन तास मिळाले ना! पण मेमध्ये नियम तोच ठेवला तर पोरीला मिळतात शून्य तास. ती निघू शकते तेव्हा बाहेर भट्टी असते आणि भट्टी विझते तेव्हा तिची वेळ संपलेली असते.

तर यंदा या सुट्टीचं नीट प्लॅनिंग करूया.

पहाट आपलीच

पहिला स्लॉट बिनविरोध मिळतो, फक्त गजर लावून उठायचं असतं! पहाटे बाहेर पडणाऱ्या मुलीला कुणी ‘कुठं जाऊन राहिली?’ असं विचारत नाही. उलट ‘वा, व्यायाम करते’ म्हणून कौतुकच होतं. या कौतुकाचा पुरेपूर फायदा घ्या.

सेमिनरी हिल्सचं जपानी गार्डन, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान, गोरेवाड्याचा परिसर, सगळीकडे सकाळी झाडं असतात, पक्षी असतात आणि चालणारी माणसंही असतात. दोघी-तिघी मिळून जा. सायकल असेल तर काढा, टायरमध्ये हवा भरा. जलतरण तलावांवर महिलांची वेगळी बॅच असते, पण ती पटकन भरते. त्यामुळे चौकशी मार्चमध्येच करायची, मेमध्ये नाही.

आणि गाडी शिकायची असेल तर यासारखा मुहूर्त नाही. पहाटे रस्ते रिकामे, हॉर्न वाजवणारे झोपलेले. आधी लर्निंग लायसन्स काढा, शेजारी शिकवणारं माणूस बसवा आणि पंधरा दिवस नेमाने जा. कॉलेज सुरू होईपर्यंत हात बसलेला असेल. सकाळच्या मेहनतीचं बक्षीस अर्थातच तर्री पोहे! प्लेट संपवून नऊच्या आत घरी.

दुपार कूलरची

दुपारी आपला खरा देव कूलर. पण देवाला पाणी घालताना जरा जपून. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. टंकी भरायची असेल तर आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, पायात चप्पल हवी आणि हात कोरडे हवेत. भरून झाल्यावरच प्लग लावायचा. घरात हे काम ज्याच्याकडे असेल, त्याला आजच सांगून ठेवा.

कूलरसमोर झोपा, सिरीयल बघा, काही हरकत नाही. सुट्टी त्यासाठीच असते. पण रोज एक तास अशा कामाला द्या, जे नोकरी लागल्यावर शिकायला वेळ मिळत नाही. आपण ऑफिसवाले रोज बघतो ना, पहिल्या पगाराच्या वेळी किती जणींची धावपळ होते! स्वतःचं बँक खातं स्वतः चालवणं, पॅन कार्ड, अठरा पूर्ण झाली असतील तर मतदार यादीत नाव. गॅसचा रेग्युलेटर बदलणं. पोट भरेल असे चार पदार्थ. गच्चीवर आजी कुरड्या घालत असेल तर सकाळी तिच्याजवळ बसून चिकाची खूण शिकून घ्या. ती पुस्तकात सापडत नाही.

घरात कंटाळा आलाच तर मेट्रो आहे. २०१९ मध्ये सुरू झाली, आता शहराच्या चारही दिशांना जाते आणि डबा थंडगार. झाशी राणी चौकात उतरलं की विदर्भ साहित्य संघ जवळच. १९२३ सालची संस्था, ग्रंथालयही आहे. पुस्तक घ्या, ऊन उतरेपर्यंत वाचत बसा.

भर उन्हात निघावंच लागलं तर

पेपर असेल, क्लास असेल तर इलाज नाही. मग आपला नागपुरी गणवेश चढवायचा! सुती स्कार्फ, गॉगल, हातमोजे, अंगभर सनकोट. स्कार्फ सुती आणि फिक्या रंगाचा घ्या, सिंथेटिकने घाम कोंडतो. वरून हेल्मेट हवंच, स्कार्फ त्याची जागा घेत नाही. सनस्क्रीन निघण्याच्या वीस मिनिटं आधी लावा आणि दोन तासांनी पुन्हा. डिओचा कॅन डिकीत ठेवून गाडी उन्हात लावू नका, तापून फुटू शकतो.

या स्कार्फवरून मुलं भरपूर जोक करतात. सगळ्या अतिरेकी दिसतात म्हणे! पण त्याचा एक फायदा मुलींनाच ठाऊक आहे. स्कार्फ बांधला की धरमपेठेतल्या काकूंना कळत नाही की ही जोशींची की देशमुखांची. ऊन तर अडतंच, चौकशीही अडते. पण जरा विचार करा, स्वतःच्या शहरात निवांत फिरायला चेहरा झाकावा लागणं हे काही फार बरं लक्षण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. किती तरी मुली बाहेर पडायच्या आधी मुद्दाम पाणी पीत नाहीत. का? तर बाहेर स्वच्छ टॉयलेट मिळत नाही. मे महिन्यात हा हिशेब फार महाग पडतो. चक्कर येते, लघवीची जळजळ होते, इन्फेक्शन होतं. त्यामुळे पाणी तोडू नका, जागा हेरून ठेवा. मेट्रो स्टेशन, मॉल, पेट्रोल पंप, ग्रंथालय. आपल्या रोजच्या रस्त्यावर कुठे काय आहे, याचा नकाशा डोक्यात पक्का हवा. मैत्रिणींनाही सांगा, ही माहिती सेलपेक्षा जास्त कामाची आहे. पाळीच्या दिवसांत पॅड जास्त वेळ ठेवू नका, घामाने लगेच पुरळ उठतं. पर्समध्ये एक जास्तीचा असू द्या.

बाटलीत साधं पाणी, घरी आल्यावर पन्हं, ताक किंवा टरबूज. थकवा फारच आला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट प्या. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने वाढवायचं नाही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आजी सांगते. तिचं मन राखायला ठेवा, पण बाटली विसरू नका! आणि कुणाचं अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं, तर तो साधा थकवा नाही. सावलीत न्या, अंगावर ओलं कापड फिरवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आणि आता रात्रीचं बोलू

दुसऱ्या स्लॉटचं काय? इथे आपण ऑफिसवाले कामाला येतो.

माझंच बघा ना. कॉलेजात असताना घड्याळात सात वाजायच्या आधी दारात उभं राहावं लागायचं. नोकरी लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात घरी पोहोचायला साडेनऊ झाले. मी स्पष्टीकरणं तयार ठेवून आत शिरले, तर आई म्हणाली, ‘काम होतं ना? मग ठीक आहे, जेवायला बस.’ रस्ता तोच होता, अंधारही तोच, आणि मुलगीही तीच. फक्त आता माझ्याकडे कारण होतं. मुलीने बाहेर असण्याला कारण लागतं! क्लास चालतो, पेपर चालतो, ऑफिस चालतं. वारा खायला निघाले, हे कारण चालत नाही. मुंबईतल्या तीन अभ्यासक, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे, यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं नेमकं हेच. बाईला शहरात काहीही कारण नसताना, नुसतं रेंगाळण्याचाही हक्क हवा.

आई-बाबांची काळजी खोटी नाही. रोज पेपर वाचणाऱ्या कुणालाही ती कळते. त्यामुळे ‘तुम्ही जुन्या विचारांचे’ असं म्हणून भांडण सुरू केलं तर उन्हाळा भांडणातच जाईल. त्याऐवजी हिशेब मांडा. ‘आई, सातला हवाच सुटत नाही. आठ ते साडेनऊ जाऊ दे. कुठे, कुणाबरोबर, कशी येणार, सगळं सांगून जाते.’ आठवड्यातून दोन दिवसांपासून सुरुवात करा. जागा गजबजलेली निवडा. फुटाळ्याचा काठ उन्हाळ्याच्या रात्री लहान पोरांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांनी भरलेला असतो. जिथे माणसं जास्त, तिथे भीती कमी, आणि मुली जितक्या जास्त दिसतील तितकी ती आणखी कमी होईल. गाडीत पेट्रोल, फोनला चार्जिंग, घरच्या एका माणसाला लाइव्ह लोकेशन. मेट्रोने जाणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ जातानाच बघून ठेवा. आणि ११२ हा नंबर पाठ हवा. आपल्या शहराच्या पोलिसांनी डिसेंबर २०१९ मध्ये रात्री ९ ते पहाटे ५ अडकलेल्या महिलांना मोफत घरी सोडण्याची सोय जाहीर केली होती. म्हणजे बाया रात्री बाहेर असतात, हे पोलिसांनीही धरून चाललं होतं. आपल्या हॉलमध्येच ते अजून मंजूर व्हायचं आहे!

दादा लोकहो, तुमचं काम आता. पहिल्या दोन वेळा तिला सोडा, आणा, हरकत नाही. तिसऱ्या वेळी मात्र बाबांना सांगा, ‘ती येईल तिची, मी यायची गरज नाही.’ आणि ती दहा मिनिटं उशिरा आली तर तुम्ही परवा दीड तास उशिरा आला होतात, हे आठवा. ताई लोकहो, आपल्याला ऑफिसमुळे जी वेळ आपोआप मिळाली, ती तिला नोकरी लागेपर्यंत थांबायला लावू नका.

२५ मेच्या सुमाराला नवतपा सुरू होईल, मग नऊ दिवस कुणी बोलायच्याही मूडमध्ये नसेल. म्हणून हे बोलणं या शनिवारीच उरकून टाका. जेवणं लवकर आटोपा, आठ वाजता आई-बाबांनाही सोबत घ्या आणि सगळे फुटाळ्यावर जा. तिथे किती मुली निवांत बसल्यात, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. पुढच्या शनिवारी ती मैत्रिणींबरोबर जायचं म्हणेल, तेव्हा अर्धं काम झालेलं असेल.

भेटूया पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत पाणी पीत राहा!