तबकडीचा वेग कशाने मोजावा?

लखनौहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, संगणकासाठी कोणती तबकडी अधिक वेगवान? प्रश्न वरवर बाजारहाटाचा आहे, परंतु पत्राचा उत्तरार्ध वाचल्यावर त्याचे गांभीर्य ध्यानी येते. त्यांचे कैलासवासी वडील भातखंडे परंपरेतील गायनशिक्षक. त्यांच्या शिकवणीची ध्वनिमुद्रणे व चलच्चित्रे, सुमारे ४०० गिगाबाइट, जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर आहेत. संगणक सुरू व्हावयास दहा मिनिटे घेतो, आणि अलीकडे आतून टकटक आवाज येतो. नाझा मार्केटात दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली: एक हार्ड डिस्क, एक एसएसडी. दुसरीवर ‘५४० मेगाबाइट प्रतिसेकंद’ असे ठळक छापलेले.

भगिनी, त्या टकटकीचे आधी पाहावे. फिरत्या तबकडीवरील वाचनशीर्ष अडखळू लागल्याचे ते लक्षण असू शकते. संगणक विनाकारण चालू ठेवू नये. ज्या वस्तू पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची प्रत प्रथम काढावी. वाचताना चुका येऊ लागल्या, तर स्वतः खटपट न करता जाणकाराकडे जावे.

आता वेगाविषयी. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि मावत होती केवळ ५० लाख अक्षरे. तत्त्व आजही तेच आहे: तबकडी फिरते, शीर्ष योग्य जागी सरकते आणि हवा तो भाग खाली येण्याची वाट पाहते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीची ही वाट सरासरी साडेपाच सहस्रांश सेकंदांची असते. शीर्ष सरकण्याचा काळ निराळा. म्हणून विखुरलेल्या लहान नोंदी ती सेकंदाला साठ-सत्तरच वाचू शकते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने अशा नोंदी हजारोंनी वाचल्या जातात. संगणक सुरू होताना हेच काम असते. तेव्हा चिरंजीवांनी नव्या संगणकाचा हट्ट धरण्यापूर्वी जुन्यातच एसएसडी बसवून पाहावी. खर्च पुष्कळ वाचेल.

खोक्यावरचा आकडा मात्र सलग मोठ्या फाइलींचा आहे. क्रिस्टलडिस्कमार्क ह्या विनामूल्य चाचणीत तो सर्वांत वर दिसतो. पाहावयाचा असतो तो तळचा, लहान नोंदींचा आकडा. स्वस्त एसएसडी आरंभी धावतात आणि आतील जलद कप्पा भरला की मंदावतात. काही हार्ड डिस्कवर लेखनाच्या रेषा कौलांप्रमाणे एकमेकींवर चढविलेल्या असतात. त्यांवर पुष्कळ लिहावयाचे झाल्यास त्याही रेंगाळतात. खरी तुलना करावयाची असेल, तर आपलीच चाळीस-पन्नास गिगाबाइटची चित्रे दोन्हींवर उतरवून घड्याळ पाहावे.

आणखी एक खोच. जुन्या संगणकाची यूएसबी २.० जोडणी प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीस मेगाबाइटच्या आसपास देते. तिच्यातून ४०० गिगाबाइट उतरविण्यास तीन तासांहून अधिक लागतील, मग पलीकडे हार्ड डिस्क असो वा ५४० मेगाबाइटची एसएसडी. अरुंद दारातून वरात एकेकानेच जाते!

ठेव्यासाठी म्हणून आमचा कौल निराळा पडतो. येथे वेगाला फारसे महत्त्व नाही. तेवढ्याच जागेला हार्ड डिस्क अजूनही स्वस्त पडते. उलट एसएसडी विजेविना वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी नसते. तिच्यातील विद्युत्‌भार हळूहळू गळतो, आणि लखनौच्या उन्हाळ्यात अधिकच. म्हणून संगणकात एक लहान एसएसडी आणि ठेव्यासाठी दोन साध्या बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, नातलगांकडे असावी. पं. विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी देशभर हिंडून जमविलेल्या चिजा क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापून घराघरांत पोचविल्या, तेव्हा त्या एकाच पेटीच्या आधारावर राहिल्या नाहीत.

प्रत काढून झाल्यावर चार-सहा मुद्रणे मधूनमधून उघडून, शेवटपर्यंत ऐकून पाहावीत. तोवर जुनी तबकडी कोणालाही देऊ नये.